नवा कान झाला, पण हात लावल्यावर कळत का नाही?

माझ्या बहिणीच्या मुलाचा उजवा कान जन्मापासून अर्धवट होता. कानाच्या जागी कातडीची एक आखडलेली घडी आणि खाली जरा तिरकी पाळी, एवढंच. तो दहा वर्षांचा झाल्यावर प्लास्टिक सर्जनने त्याच्याच बरगडीची कूर्चा वापरून कान तयार केला. बँडेज निघालं तेव्हा घरातले सगळे आकार बघत होते, दुसऱ्या कानाशी जुळतो का, जास्त पुढे तर आला नाही ना वगैरे, आणि तो मात्र आरशासमोर उभा राहून हळूच कानाला बोट लावत होता, परत लावत होता. मग मला म्हणाला, "मावशी, बोटाला कान लागतोय पण कानाला बोट लागत नाहीये."

तेव्हा माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. ऑपरेशनच्या आधी आम्ही सतराशे साठ प्रश्न विचारले होते, पण कानाला स्पर्श कळेल का हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर डॉक्टरांना विचारत, वाचत मला जे समजलं ते इथे लिहितेय. जन्मजात दोष असो, भाजल्यामुळे असो, अपघात असो की कॅन्सरमुळे कान काढावा लागलेला असो, नवा कान ज्यांनी करून घेतलाय किंवा घेणार आहेत त्यांना हे आधीच माहीत असलं तर नंतरची बरीच घाबरगुंडी वाचेल.

कान बनवतात तरी कशाचा?

जन्मतः बाहेरचा कान छोटा किंवा अपुरा असण्याला मायक्रोशिया म्हणतात. काही हजार बाळांमागे एकाला असतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त, आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त.

कान दुरुस्त करायची कल्पना काही आजची नाही, सुश्रुतसंहितेत गालाची कातडी वळवून फाटलेली पाळी पुन्हा करण्याचं वर्णन आहे. पण अख्खा कान उभा करणं ही फार नंतरची गोष्ट. 1920 च्या सुमारास हॅरल्ड गिलीज यांनी बरगडीची कूर्चा कानामागच्या कातडीखाली ठेवून बघितली, 1959 मध्ये अमेरिकेच्या रॅडफर्ड टॅन्झर यांनी पेशंटच्या स्वतःच्या बरगडीच्या कूर्चेतून कान कोरायची पद्धत नीट बसवून दाखवली, पुढे बर्ट ब्रेंट यांनी ती सुधारली, आणि 1993 मध्ये जपानच्या सातोरू नागाता यांनी दोन टप्प्यांत काम संपवायची पद्धत मांडली. आज बरेच सर्जन ब्रेंट किंवा नागाता यांच्याच वाटेने, आपापले बदल करून जातात.

थोडक्यात काम असं चालतं. छातीच्या खालच्या बाजूच्या, साधारण सहाव्या ते आठव्या बरगडीच्या टोकाची कूर्चा काढतात. कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, नाकाच्या शेंड्याला हाताला लागतं ना, ते. त्यातून कानाचा सांगाडा कोरतात, बारीक तारांनी बांधतात, आणि कानाच्या जागेवरची कातडी आतून सोडवून जो खिसा तयार होतो त्यात तो सांगाडा सरकवतात. आत एक बारीक नळी ठेवून हवा आणि द्रव ओढून घेतात म्हणजे कातडी सांगाड्याला घट्ट चिकटते आणि घड्या दिसायला लागतात. साधारण सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, त्यात डोक्याला चिकटलेला कान उचलून पुढे आणतात आणि मागच्या उघड्या बाजूवर दुसरीकडची कातडी लावतात.

आता यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कूर्चेला स्वतःची जाणीव नसते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नर्व्हही (स्पर्शाचा निरोप मेंदूकडे नेणारे मज्जातंतू) नाहीत. आपल्या जन्माच्या कानाला हात लागलेला कळतो तो वरच्या कातडीमुळे. म्हणजे नव्या कानाला स्पर्श कळेल की नाही हा प्रश्न सांगाड्याचा नाहीच, त्याच्यावर पांघरलेल्या कातडीचा आहे.

एवढ्याशा कानाला किती वायरी!

मला वाटायचं कानाची एक नर्व्ह असेल, संपलं. तसं नाहीये. पाळी आणि खालचा, मागचा बराचसा भाग बघते ती मानेतून वर येणारी एक जाड नर्व्ह, तिचं नाव ग्रेट ऑरिक्युलर. मान वळवल्यावर बाजूला जो लांब स्नायू उठून दिसतो त्याच्यावरून ती कानाकडे चढते. मागचा वरचा भाग मानेतूनच येणारी दुसरी बारीक नर्व्ह सांभाळते. पुढच्या वरच्या भागाची नर्व्ह चेहऱ्याला स्पर्श कळवणाऱ्या नर्व्हच्या जाळ्यातून येते. आणि कानाच्या भोकाजवळच्या भागात थेट छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या वेगस नर्व्हची एक छोटी फांदी येते, म्हणूनच कान साफ करताना काही जणांना खोकला येतो.

म्हणजे कान हे चार गावांच्या शिवेवरचं शेत आहे. एक बाजू बधिर झाली तरी शेजारून मदत यायची शक्यता असते, आणि ही गोष्ट पुढे फार कामाला येते.

मग ऑपरेशनमध्ये या वायरींचं होतं काय?

कातडीखाली खिसा करायचा म्हणजे कातडी खालच्या थरापासून सोडवायची. ती पातळ ठेवावी लागते, जाड ठेवली तर कानाच्या घड्या दिसणारच नाहीत, नुसता गोळा दिसेल. पण कातडीकडे खालून वर येणारे नर्व्हचे धागे केसापेक्षा बारीक असतात, ते या सोडवण्यात तुटतात. हे टाळता येत नाही, आणि यात सर्जनचं काही चुकलेलं नसतं. (आमच्याकडे पहिल्या महिन्यात हा संशय सगळ्यांच्या मनात येऊन गेला, म्हणून मुद्दाम लिहितेय.)

बागकाम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. दाब कलम करताना फांदी झाडाला तशीच ठेवून वाकवतात आणि मातीत दाबतात, नवी मुळं फुटेपर्यंत तिला जुन्या झाडाकडून पाणी मिळत राहतं. कानाच्या पुढच्या बाजूची कातडी अशी असते, खालून सोडवलेली पण कडेने शरीराला जोडलेली, त्यामुळे रक्तही चालू आणि कडेच्या काही नर्व्हही शाबूत. कानाच्या मागे दुसऱ्या टप्प्यात जी कातडी लावतात ती मात्र पूर्ण कापून आणलेली असते, तिला ग्राफ्ट म्हणतात. ती म्हणजे एका जागची हिरवळ मातीच्या पातळ थरासकट उचलून दुसऱ्या जागी अंथरल्यासारखी. पहिल्या दिवशी तिच्यात एकही जिवंत नर्व्ह नसते. आधी काही दिवसांत खालून रक्तवाहिन्या जोडल्या जातात, ती जगते, आणि नर्व्ह त्याच्या बऱ्याच नंतर हळूहळू शिरतात.

त्यामुळे एकाच कानाच्या दोन बाजूंचा अनुभव वेगळा असू शकतो. पुढून थोडं थोडं कळायला लागलंय आणि मागून अजून लाकूड, असं झालं तर घाबरू नका, ते त्या कातडीच्या इतिहासाप्रमाणेच चाललंय.

तुटलेली नर्व्ह परत येते कशी?

भिंतीतल्या वायरिंगचं उदाहरण घ्या. बाहेर पाइप असतो आणि आत तांब्याची तार. नर्व्हमध्येही बाहेर एक नळीसारखं आवरण आणि आत संदेश नेणारा धागा असतो. धागा तुटला की तुटलेल्या जागेपासून टोकापर्यंतचा तुकडा जगत नाही, शरीर तो साफ करून टाकतं. ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून हे 1850 मध्ये दाखवलं. पण नळी बऱ्याचदा उरते, आणि जिवंत बाजूच्या टोकाला नवा कोंब फुटून तो त्या रिकाम्या नळीतून पुढे सरकायला लागतो. वेग साधारण दिवसाला 1 मिलीमीटर.

दुसरा रस्ता शेजाऱ्यांचा. ज्या कातडीची नर्व्ह गेली तिच्या बाजूच्या भागातल्या शाबूत नर्व्ह स्वतःहून फांद्या काढतात आणि रिकाम्या भागात घुसतात. म्हणून बधिर जागा बहुतेक वेळा कडेने आत आत आकसत जाते, मधला ठिपका सगळ्यात शेवटी राहतो. गालाजवळच्या लाळग्रंथीच्या ऑपरेशनमध्ये कधीकधी ती ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह कापावी लागते, तेव्हा पाळी बधिर होते, आणि त्या लोकांमध्येही महिने जातील तसा बधिर भाग लहान होत जातो असं दिसतं.

"पण हिशोबाने तर दोन महिन्यांत यायला हवं!"

मीही हाच हिशोब केला होता. मोठ्या माणसाचा कान साधारण 6 सेंटीमीटर उंच, दिवसाला 1 मिलीमीटर, म्हणजे 60 दिवस. मग डॉक्टर सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त का सांगतात?

एक तर कोंब लगेच निघत नाही, आधी मोडतोड साफ व्हावी लागते. दुसरं म्हणजे मध्ये व्रणाची जागा येते, व्रण म्हणजे दाट, गुंतलेलं झुडूप, त्यातून वाट काढताना काही धागे भरकटतात, काही तिथेच थांबतात. तिसरं, ग्राफ्टमध्ये तर जुनी नळी सुद्धा आयती जुळत नाही, जिथे सापडेल तिथून शिरायचं. आणि धागा कातडीपर्यंत पोचला म्हणजे झालं असंही नाही, कातडीत दाब, कंप, हलका स्पर्श ओळखणारी बारीक टोकं असतात, त्यांच्याशी जुळणी व्हावी लागते. केबल घरापर्यंत आली तरी टीव्हीला जोडल्याशिवाय चित्र दिसत नाही ना, तसं.

म्हणूनच संवेदना बटण दाबल्यासारखी एकदम येत नाही. बहुधा टोचलेलं, दुखलेलं आधी कळायला लागतं, मग स्पर्श, आणि नेमकं काय लागलं, नेमकं कुठे लागलं ही बारीक ओळख सगळ्यात शेवटी, आणि ती बऱ्याचदा पूर्ण येत नाही. ग्राफ्टवर गरम-गारची समज अनेकदा मागे राहते. हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण सगळ्यात जास्त इजा त्याच्यामुळे होते, त्याबद्दल खाली लिहितेच.

मुंग्या, खाज, करंट: हे चांगलं की वाईट?

पाय दुमडून बसलं की पाय झोपतो आणि जागा होताना मुंग्या येतात, हे सगळ्यांना माहितीये. कारण वेगळं असलं तरी अनुभव तसाच. काही आठवडे काहीच नाही, मग एक दिवस कानात चुणचुण, सुरसुर, मध्येच करंट लागल्यासारखं, आणि खाज, जी नेमकी कुठे आहे तेच सापडत नाही. यातलं बरंचसं वाढणाऱ्या धाग्यांचं काम असतं. त्या नव्या धाग्यांवर अजून नीट आवरण चढलेलं नसतं म्हणून ते जरा कशाने पेटतात.

1915 मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना फ्रान्सचे झूल तिनेल आणि जर्मनीचे पाउल हॉफमन या दोघांनी वेगवेगळं एकच निरीक्षण नोंदवलं. नर्व्हवर बोटाने हलकं टकटक केलं आणि पुढे मुंग्या गेल्या, तर तिथपर्यंत नवे धागे पोचलेत. दोन देश एकमेकांशी लढत होते आणि दोन्हीकडचे डॉक्टर एकच गोष्ट शोधत होते, हे वाचून मी थोडा वेळ थांबले होते.

पण सगळ्याच झिणझिण्या चांगल्या नसतात. मुंग्यांची जागा हळूहळू पुढे सरकत असेल तर ठीक. एकाच ठिपक्यावर महिनोन्महिने आग होतेय, हात लागला की कळ जाते, तिथे बारीक गाठ लागतेय, तर तुटलेल्या टोकाला धाग्यांचा गुंता झालेला असू शकतो, ते डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपाय असतात. आणि खाज आली तरी नखाने खाजवू नका. बधिर कातडीला किती जोरात ओरबाडलं ते कळत नाही आणि ती मुळात पातळ असते. कातडी फाटून खालची कूर्चा उघडी पडली तर तिला स्वतःचं रक्त नसल्यामुळे ती जखम भरायला फार त्रास देते.

मेंदूलाही नवा पत्ता शिकावा लागतो

भाच्याच्या बाबतीत सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट ही. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्याला कानाच्या वरच्या कडेला बोट लावलं की "लागलं" म्हणायचा, पण डोळे मिटून जागा दाखव म्हटलं तर कानाच्या मागे, केसांच्या रेषेजवळ हात न्यायचा.

यात काही बिघाड नाही. ती कातडी आयुष्यभर कानामागची सपाट कातडी होती, तिच्याकडून आलेला निरोप मेंदू जुन्या पत्त्यावरच टाकतो. 1930 च्या दशकात वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या पेशंटच्या मेंदूला हलका करंट देऊन शरीराच्या कुठल्या भागाची जाणीव मेंदूत कुठे आहे याचा नकाशा काढला, त्यात ओठांना आणि बोटांना भलीमोठी जागा मिळालेली दिसते. हा नकाशा दगडावर कोरलेला नाही, वापराने बदलतो.

म्हणून जखमा पूर्ण भरल्यावर, आणि सर्जनने हो म्हटल्यावरच, स्पर्शाचा सराव करतात. आरशात बघत कापसाने, मऊ ब्रशने, सुती कापडाने हळूच कानाला स्पर्श करायचा, डोळ्यांनी जागा बघायची, मग डोळे मिटून तोच स्पर्श ओळखायचा, मग दुसऱ्या चांगल्या कानाला तसाच करून तुलना करायची. हाताच्या नर्व्हच्या ऑपरेशननंतर हा सराव फिजिओथेरपीत नेहमी करून घेतात. मुलांसाठी तो खेळ होतो. कानाला हात लावलेला अजिबात सहन होत नसेल, म्हणजे उलटा प्रकार असेल, तर सगळ्यात मऊ वस्तूपासून सुरू करून हळूहळू खरखरीतकडे जातात. दवाखान्यात मोजायला ठरावीक जाडीचे नायलॉनचे धागे असतात, ते टेकवून किती बारीक धागा कळतो त्याची नोंद ठेवतात.

बधिर कान सांभाळायचा कसा? (हा भाग तरी सोडू नका)

दात काढताना इंजेक्शन दिलं की डॉक्टर सांगतात, ओठ जागा होईपर्यंत गरम काही पिऊ नका आणि ओठ चावला जाईल म्हणून जपा. ते दोन-तीन तासांचं असतं. इथे तेच कित्येक महिन्यांचं आहे. दुखणं ही शरीराची राखण आहे आणि नव्या कानावरचा राखणदार रजेवर गेलाय, तो परत येईपर्यंत ते काम डोळ्यांनी आणि हाताच्या बोटांनी करायचं.

रोज ठरलेल्या वेळी, चांगल्या उजेडात कान बघा, पुढून आणि मागून, मागच्यासाठी दुसरा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा. रंग बघा. पांढराफटक, निळसर किंवा काळपट पडलेला भाग, नवीन फोड, ओल, वास, कातडीतून पांढरं काही डोकावतंय, अचानक आलेली टम्म सूज, ताप, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. "दुखत नाहीये म्हणजे काही नसेल" हे वाक्य या कानाच्या बाबतीत चालत नाही.

उष्णता सगळ्यात फसवी. हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी, केस सरळ करायचं मशीन, कडक ऊन, हे सगळं त्या बाजूला लांबच ठेवायचं. ड्रायर लागलाच तर थंड हवेवर आणि मध्ये आपला हात धरून, म्हणजे हाताला आधी कळेल. बर्फाचंही तेच, सूज आहे म्हणून घरच्या घरी बर्फ लावत बसू नका, बधिर कातडी बर्फानेही भाजते. उन्हात जाताना टोपी, आणि जखमा भरल्यावर डॉक्टर सांगतील ते सनस्क्रीन.

मग दाब. आपण झोपेत कूस बदलतो कारण दाबलेला भाग कुरकुर करतो. बधिर कान कुरकुर करत नाही, रात्रभर गपचूप दबून राहतो आणि सकाळी कातडीवर डाग दिसतो. म्हणून सुरुवातीचे आठवडे त्या कुशीवर झोपू नका, मधे भोक असलेली उशी मिळते ती फार उपयोगी. चष्म्याची काडी, मास्कचं इलास्टिक, हेडफोन, हेल्मेट, हे कधीपासून चालेल ते सर्जनला एकेक करून विचारा, "सगळं नॉर्मल कधी" असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम मिळतं. हेल्मेट चढवताना आणि काढताना कान दुमडला जातो, ते आरशात बघूनच करा. बरगडीची कूर्चा मूळ कानापेक्षा कडक असते, हा कान तेवढा वाकत नाही. सांगाड्याच्या भागात टोचून घ्यायचा विषयच काढू नका.

आणि सिगारेट-तंबाखू. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि पातळ कातडी जगायची असेल तर तिला रक्ताचा प्रत्येक थेंब लागतो. पेशंटने तर सोडायचंच पण घरातल्यांनी त्याच्यासमोर ओढणंही बंद करायचं.

कान ठीक, पण छाती?

पहिल्या आठवड्यात कानापेक्षा छातीच जास्त दुखते, हे ऐकून तयारी ठेवा. खोकताना, हसताना, उठताना कळ येते आणि मुलं दुखतं म्हणून उथळ श्वास घेतात, त्याने फुप्फुसात कफ साठू शकतो, म्हणून गोळी वेळेवर देऊन दीर्घ श्वासाचा व्यायाम करून घ्यायचा. उशी छातीशी धरून खोकलं की बरं वाटतं. अचानक दम लागला तर मात्र लगेच दवाखाना. छातीच्या व्रणाभोवतीही बधिरपणा असतो, कारण तेच, कातडीचे बारीक धागे तिथेही तुटलेले असतात. धक्काबुक्कीचे खेळ काही आठवडे बंद.

"गोळ्या, मालिश, मशीन, काहीतरी असेलच ना?"

बी 12 कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, कमतरतेने नर्व्ह खरोखर बिघडतात. पण रक्तात पुरेसं असताना जास्त गोळ्या खाल्ल्या म्हणून धागा दिवसाला 2 मिलीमीटर धावत नाही. डायबिटीस असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे कुठल्याही टॉनिकपेक्षा मोठं काम. मालिश व्रण मऊ करायला उपयोगी पडते पण कधी सुरू करायची आणि किती दाब द्यायचा हे सर्जनच ठरवणार, नवीन ग्राफ्ट घासला तर तो सुटून येतो. जाहिरातीत दिसणारी मशीन बधिर कातडीवर स्वतःच्या मनाने लावू नका, चटका बसला तरी कळणार नाही.

नर्व्ह टाके घालून का जोडत नाहीत, असंही लोक विचारतात. जाड नर्व्ह जोडता येते, पण कातडीतले हे शेवटचे धागे शेकड्यांनी असतात आणि मायक्रोस्कोपखाली सुद्धा टाका घेता येईल एवढे जाड नसतात. ते शरीरावरच सोडावं लागतं.

बरगडी नको, कृत्रिम साचा घेतला तर?

सच्छिद्र पॉलिएथिलीनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) तयार सांगाडा वापरायची पद्धत जॉन रायनिश यांनी 1991 पासून विकसित केली. छाती उघडावी लागत नाही आणि तीन-चार वर्षांच्या मुलांमध्येही करता येतं, हे मोठे फायदे. त्यात कानशिलावरचा पातळ पडदा वळवून सांगाडा झाकतात आणि त्यावर कातडीचे ग्राफ्ट लावतात, म्हणजे मघाशी सांगितलेली अंथरलेली हिरवळ इथे पुढच्या बाजूलाही बरीच येते. त्यामुळे संवेदना साधारणपणे उशिरा आणि कमी येते. आणि वरची कातडी फाटली तर आत परकी वस्तू आहे, म्हणून नजर ठेवायचं काम तिथे जास्त कडक आणि कायमचं.

तिसरा मार्ग हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर लावायचा सिलिकॉनचा कान. दिसायला हुबेहूब असतो, पण त्याला स्पर्श कधीच कळणार नाही, तिथे जपायची ती खुंट्यांभोवतीची कातडी. 2022 मध्ये अमेरिकेत पेशंटच्या स्वतःच्या पेशी वापरून थ्रीडी प्रिंटिंगने केलेला कान बसवल्याची बातमी गाजली होती. बरगडी वाचेल म्हणून ती दिशा मला फार आशेची वाटते, पण सांगाडा प्रिंटरमधून आला तरी त्यावर पांघरायची कातडी आणि तिचे धागे, हा भाग तसाच राहतो.

कोणी विचारतं म्हणून एवढंच सांगते, बाहेरचा कान केल्याने ऐकू यायला लागत नाही. मायक्रोशियात बऱ्याचदा कानाचं भोकही बंद असतं, ऐकण्याचे उपाय वेगळे, हाडातून आवाज पोचवणारी यंत्रं वगैरे, आणि त्यांची तपासणी लहानपणीच सुरू करायची असते, कान करायच्या वयापर्यंत थांबायचं नसतं.

शेवटी किती परत येतं?

बहुतेकांना काही ना काही संवेदना परत येते, स्वतःच्या कातडीखाली कूर्चा बसवलेल्या कानात पुढच्या बाजूला जास्त. दुसऱ्या कानाइतकी तंतोतंत येईलच असं कोणीही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. सुधारणा पहिल्या वर्षात जास्त दिसते, नंतर वेग मंदावतो पण लगेच थांबत नाही. दुसरा टप्पा झाल्यावर मागच्या बाजूचं घड्याळ नव्याने सुरू होतं, हे विसरून अनेक जण पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासून महिने मोजतात आणि निराश होतात. तारीख बाजूप्रमाणे वेगळी लिहा. आम्ही वहीत कानाचं साधं चित्र काढून दर महिन्याला कळणारा भाग पेन्सिलने रंगवत होतो, रोज बघताना काहीच बदलत नाही असं वाटायचं आणि चार पानं उलटली की रंग कडेने आत सरकलेला दिसायचा.

भाच्याच्या कानाला आता तिसरं वर्ष चालू आहे. पुढची कड आणि पाळी त्याला कळते, मागे ग्राफ्टच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा भाग अजून बधिर आहे. रात्री दात घासल्यावर तो स्वतःच हातातला छोटा आरसा मागे धरून तो भाग बघतो, आणि त्याची आई विचारते तेव्हा तिकडूनच ओरडून सांगतो, "बघितलं, लाल नाहीये."